रोज, रोजा आणि न वाजलेली घंटा

मार्च 2025 मधली गोष्ट. रमजानचे पहिलेच दिवस होते. सहरीसाठी आम्ही चारच्या आधी उठलो, तर पुढच्या खोलीत उजेड. भाची जमिनीवर बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन काहीतरी वाचत होती. खिडकीबाहेर विठ्ठलवाडीची ती ठरलेली पहाट. डेपोत एका एसटीचे इंजिन सुरू होऊन बंद पडत होते, आणि कल्याणकडे जाणाऱ्या लोकलचा आवाज लांबून येत होता.

भाची आमच्या बहिणीची मुलगी. माहेर कोकणात, नोकरी ठाणे-बेलापूर रोडवर, म्हणून आमच्याकडे राहते. इथून कल्याण, कल्याणहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी, असा तिचा रोजचा रस्ता. महिन्यातून एक आठवडा तिच्याकडे रात्रीची जबाबदारी असते. त्या आठवड्यात फोन उशाशी घेऊन झोपायचे, वाजला की उठायचे.

"काय गं, फोन वाजला का?"

"वाजला खाला. टोकनचा अॅलर्ट आहे. तुम्ही चहा ठेवा, मी आलेच."

मुलगी रात्री काम करते म्हटले की शेजारीपाजारी प्रश्न विचारतात. आम्हालाही सुरुवातीला नीट सांगता येत नसे. 'कॉम्प्युटरवर काम करते' म्हणून वेळ मारून न्यायचो. त्या पहाटे जे घडले त्यानंतर आम्ही तिच्याकडून हे काम समजून घेतले. शिक्षकाची खोड आहे, समजले की सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. शिवाय या गोष्टीत आपल्या घरांचा, आपल्या बोलण्याचा संबंध आहे, म्हणून या पानावर मांडत आहोत. कंपनीचे नाव आणि तिथे कोणते मॉडेल वापरतात ते सांगणार नाही, आणि त्याने काही अडणारही नाही.

तिच्या कंपनीची सेवा अशी: मधुमेहाच्या रुग्णांना मोबाईलवर औषधाची आठवण करून द्यायची आणि त्यांच्या साध्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्या भाषेत विचाराल त्या भाषेत. उत्तर देणारा माणूस नसतो. लँग्वेज मॉडेल नावाचा मोठा प्रोग्राम असतो. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे तो शिकलेला असतो आणि त्यावरून वाक्ये जुळवतो. हा प्रोग्राम सर्व्हरवर चोवीस तास चालतो. तो बंद पडला का, उत्तराला उशीर करतो का, रांगेत किती लोक ताटकळत आहेत, हे कुणीतरी बघत राहावे लागते. मात्र माणूस रात्रभर आकड्यांकडे बघत बसू शकत नाही, म्हणून राखणीलाही प्रोग्रामच ठेवलेले असतात.

त्यातला एक प्रोमिथियस. 2012 साली बर्लिनमधल्या साउंडक्लाउड या संगीताच्या कंपनीत काही इंजिनिअरांनी तो लिहायला घेतला. आज तो जगात कुणालाही फुकट वापरता येतो. त्याचे काम वर्गशिक्षकाच्या हजेरीसारखे आहे. ठरावीक सेकंदांनी सर्व्हरला विचारायचे, 'रांगेत किती? पहिला शब्द यायला किती वेळ लागला? चुका किती?' आणि आकडा वहीत मांडून ठेवायचा. त्याच्याकडे नियमांची यादी असते. एखादा आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला तर तो लगेच आरडाओरडा करत नाही. पाच मिनिटे, दहा मिनिटे, नियमात लिहिले असेल तितका वेळ थांबतो. मूल एक दिवस शाळेत आले नाही म्हणून आपण पालकांना बोलावत नाही, सलग चार दिवस आले नाही तर बोलावतो, तसेच. वेळ भरली की तो निरोप दुसऱ्याकडे देतो. या दुसऱ्याचे नाव अॅलर्टमॅनेजर. एकाच कारणाचे वीस निरोप आले तर त्यांची एक मोट बांधायची, कुणाला फोन लावायचा ते ठरवायचे, आणि कुणी 'दोन तास गप्प राहा' म्हटले असेल तर गप्प राहायचे, ही त्याची कामे.

आता तो काळा पडदा. अॅलर्ट बघायला रंगीत आलेखांची पानेही असतात. ऑफिसात मोठ्या पडद्यावर ती लावलेली असतात आणि पाहुणे आले की तीच दाखवतात. पण भाचीचा घरचा लॅपटॉप जुना. आमच्या इमारतीत पहाटे नेट कधी असते, कधी नसते. ते रंगीत पान उघडेपर्यंत चहा उकळून खाली सांडतो. म्हणून ती कमांड लाइन वापरते. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. माउस नाही, चित्र नाही. हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचे, उत्तर वाचायचे. अॅलर्टमॅनेजरबरोबर अॅमटूल नावाचे एक छोटे साधन येते, तेच तिचे हत्यार. हुकूम तीन शब्दांचा: 'अॅमटूल अॅलर्ट क्वेरी'. म्हणजे, अॅमटूलबाबा, या क्षणी कोणकोणत्या घंटा वाजत आहेत ते सांग. पुढे अट जोडली, उदाहरणार्थ 'गंभीर तेवढेच', तर यादी तेवढीच येते. सेकंदभरात पडद्यावर रकाने उमटतात. अॅलर्टचे नाव, केव्हा सुरू झाला, थोडक्यात काय आहे, आणि सध्या चालू आहे की दाबून ठेवला आहे.

आम्ही चहाचा कप घेऊन तिच्यामागे उभे राहिलो आणि पहिलीच शंका काढली.

"अगं, इथे दहा वाजून दहा मिनिटं लिहिलंय. आत्ता तर चार वाजत आलेत."

ती हसली. "ती जगाची सरकारी वेळ आहे खाला. आपली साडेपाच तास पुढे. दहा-दहा म्हणजे आपले तीन चाळीस."

रात्रपाळीच्या नव्या मुलांची पहिली चूक हीच होते म्हणे. काल संपलेला प्रकार समजून आज चालू असलेल्या अॅलर्टकडे दुर्लक्ष करतात. भाचीने लॅपटॉपच्या कडेला चिठ्ठी चिकटवली आहे, '+ साडेपाच'. इतक्या यंत्रणेत शेवटी चिठ्ठीच कामाला येते, हे बघून आम्हाला बरे वाटले.

त्या पहाटेचा अॅलर्ट टोकनचा होता. टोकन म्हणजे काय हे सांगायला हवे, कारण इथून गोष्ट आपल्या भाषेकडे येते. लँग्वेज मॉडेल आपले वाक्य शब्दाशब्दाने वाचत नाही. तुकडे करून वाचते. त्या तुकड्याला टोकन म्हणतात. पैसे आणि वेळ दोन्ही टोकनांवर मोजले जातात. तुकडे कसे पडतात? संगणकाच्या पोटात प्रत्येक अक्षर बाइट नावाच्या एककात ठेवलेले असते. आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-8 पद्धतीत इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, उर्दू अक्षराला 2, आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला 3. काना, मात्रा, ओकार वेगळे मोजायचे. 'रोजा' हा शब्द घ्या. इंग्रजी लिपीत चार अक्षरे, 4 बाइट. उर्दूत चार अक्षरे, 8 बाइट. मराठीत र, ओकार, ज, काना अशी चार चिन्हे, म्हणजे 12 बाइट. नेहमी एकत्र येणारी अक्षरे जोडून मॉडेल मोठे तुकडे बनवते, पण ही जोडणी ते वाचलेल्या मजकुरावरून शिकते. वाचलेला मजकूर बहुतेक इंग्रजी. म्हणून इंग्रजी शब्द बहुधा अखंड गिळला जातो आणि मराठी शब्दाचे चारपाच तुकडे होतात. तेच वाक्य मराठीत विचारा, टोकने जास्त लागणार.

कंपनीतल्या कुणीतरी रेषा आखताना इंग्रजी संभाषणांचा हिशेब धरला होता. रात्री तीन ते पाचमध्ये फारसे कुणी प्रश्न विचारत नाही, हेही गृहीत धरले होते. रमजानमध्ये मात्र आपली घरे त्याच वेळी जागी असतात. सहरीच्या आधी लोक मोबाईल हातात घेतात आणि मराठीत, हिंदीत प्रश्न विचारतात. टोकनांचा आकडा रेषेवर गेला आणि घंटा वाजली. म्हणजे आग लागलेली नव्हती. लोक जागे होते, एवढेच.

भाचीने अॅमटूललाच दुसरा हुकूम दिला. हा अॅलर्ट दोन तास गप्प ठेव. इथे आम्हाला एक गोष्ट फार आवडली. गप्प करणाऱ्याला सहसा कारण लिहावे लागते, आणि कुणी गप्प केले त्याचे नावही नोंदले जाते. तिने लिहिले, 'रमजान, सहरीची वेळ, गर्दी खरी आहे, बिघाड नाही.' शाळेच्या कॅटलॉगमध्ये खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते, तो नियम आमच्या हेडसरांनी आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवला होता. मुदत संपली की घंटा आपोआप पुन्हा कान टवकारते. कायमची बंद होत नाही.

कारण लिहायला लावण्यामागे शहाणपण आहे. आपल्यातले किती जण सहरीसाठी मोबाईलवर पाच-पाच अलार्म लावतात? पहिल्याला दचकून उठतो, आणि पाचव्यापर्यंत बोट झोपेतच अलार्म बंद करायला शिकलेले असते. या क्षेत्रातही तेच होते. खोट्या घंटा फार वाजल्या की माणूस खऱ्या घंटेलाही गप्प करून कूस बदलतो. त्या पहाटे भाचीनेही तसे केले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण तिने लॅपटॉप मिटला नाही. गर्दी खरी आहे तर लोक विचारतायत काय, हे बघावे म्हणून तिने त्या वेळची काही संभाषणे उघडली. नावे आणि नंबर झाकलेले असतात, मजकूर तेवढा दिसतो. आम्ही मागे उभे होतो, तर तिने पडदा थोडा वळवून घेतला. आधी आम्हाला जरा लागले, नंतर पटले. लोकांची आजारपणे आहेत, खालाला दाखवायची नाहीत. पाचेक मिनिटांनी तिने वर बघून विचारले,

"खाला, 'रोज्यात गोळी कधी घ्यायची' असं कुणी लिहिलं, तर त्याचा अर्थ 'रोज गोळी कधी घ्यायची' असा कुणी लावेल का?"

"माणूस नाही लावणार. का?"

"यानं लावलाय."

रोजे धरलेल्या मधुमेही बाईला त्या सेवेने मोठ्या अदबीने, शुद्ध मराठीत कळवले होते की गोळी रोज सकाळी नाश्त्यानंतर घ्यावी, आणि पुढचे जेवण चुकवू नये.

वाचकहो, या चुकीचे मूळ आम्ही मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवणारे लोक चांगले ओळखतो. फारसीत 'रोझ' म्हणजे दिवस. त्यावरून आपल्याकडे 'रोज' आला, 'रोजा' आला, 'रोजगार' आला, 'रोजंदारी' आली. सरकारी पत्रात 'दिनांक 12 रोजी' लिहितात, तो 'रोजी'ही त्याच घरातला. ही भांडणे सख्ख्या भावंडांची आहेत. त्यात मराठी व्याकरणाची भर. 'रोजा' ला विभक्ती लागली की कधी 'रोजात' होते, कधी 'रोज्यात', कधी 'रोज्याला', आणि अनेकवचनात 'रोजे'. कोकणातल्या आमच्या घरी एक उच्चार, कल्याणात दुसरा, सोलापूरकडे तिसरा. लोक जसे बोलतात तसे लिहितात, कुणी 'रोझा' लिहितो, कुणी इंग्रजी लिपीत. मॉडेलने मराठी मजकुरात 'रोज' हजारदा पाहिला असेल आणि 'रोज्यात' क्वचित. मग त्याने जास्त ओळखीचा अर्थ उचलला.

आणि ज्या गोष्टीने आम्ही हादरलो ती ही. भाचीने पुन्हा अॅमटूलला विचारले. टोकनचा तो दाबलेला अॅलर्ट सोडला तर यादी रिकामी. सर्व्हर चालू. उत्तर वेळेत गेलेले. चूक शून्य, कारण सर्व्हरच्या हिशेबात चूक म्हणजे उत्तरच न जाणे. चुकीचे उत्तर वेळेवर गेले तर त्याच्या वहीत ते 'ठीक' या रकान्यात पडते. ज्या घंटेला काही अर्थ नव्हता ती वाजत होती. जी वाजायला हवी होती ती कुणी टांगलीच नव्हती.

तिने सहरी सोडून वरिष्ठांना फोन लावला. आम्ही तिच्यापुढे खजुराची बशी सरकवत राहिलो. साडेपाचच्या आत रोजे, उपवास, सहरी, इफ्तार हे शब्द असलेल्या प्रश्नांना मॉडेलने उत्तर देणे थांबवले गेले. त्याजागी एक ओळ टाकली गेली, रोजे धरत असाल तर गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. हीच ओळ आम्ही इथेही आवर्जून लिहितो. मधुमेही माणसाने रोजे धरावेत का आणि औषध कसे बदलावे, हे रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यायचे असते. आजारी माणसाला दीनने सवलत दिली आहे. मोबाईलवरच्या उत्तराच्या भरवशावर साखर उतरून चक्कर येण्याची वेळ कुणावर येऊ नये. त्या बाईंना कंपनीच्या डॉक्टरांकडून फोन गेला, एवढे भाचीला कळले. पुढे काय झाले ते कळायचा तिला मार्ग नाही. चार-पाच दिवस ती इफ्तारला बसली की मध्येच म्हणायची, "त्यांनी गोळी घेतली असेल का हो?"

कुणाला वाटेल, एका शब्दाचा घोटाळा, त्यात इतके काय. पण न वाजणाऱ्या घंटेचे याहून मोठे उदाहरण जगापुढे आलेले आहे आणि ते थेट आपल्याविषयी आहे. 2021 मध्ये अबुबकर आबिद, महीन फारुकी आणि जेम्स झू या तीन संशोधकांनी जीपीटी-3 या त्या वेळच्या नावाजलेल्या मॉडेलची परीक्षा घेतली. दोन मुसलमान एका ठिकाणी शिरतात, अशी अर्धवट ओळ देऊन त्यांनी ती 100 वेळा पूर्ण करून घेतली. 66 वेळा मॉडेलने त्यात मारामारी, गोळीबार, बॉम्ब असे काहीतरी घातले. दुसऱ्या धर्मांची नावे घातली की हे प्रमाण कितीतरी कमी व्हायचे. मुसलमानांविषयी चांगली विशेषणे आधी जोडली तेव्हा आकडा 20 पर्यंत उतरला, पण तरीही तो इतरांपेक्षा जास्तच राहिला. विचार करा, त्या 100 उत्तरांच्या वेळी राखणीवरच्या प्रोग्रामने काय नोंदवले असते? उत्तर गेले, वेळेत गेले, सर्व ठीक. तिघांनी बसून मोजले म्हणून ते दिसले. त्यानंतर मॉडेले बदलली, सुधारली. तरी मोजणाऱ्याने आपला प्रश्न विचारलाच नाही तर आकडा कुठून येणार?

म्हणून पुढच्या आठवड्यात भाचीने आमच्यापुढे वही ठेवली. "खाला, तुम्ही परीक्षेचे पेपर काढता ना? मला एक पेपर काढून द्या."

पेपर असा हवा होता. आपली माणसे खरोखर विचारतील तसे प्रश्न, आणि प्रत्येकासमोर उत्तरात काय असलेच पाहिजे, काय असता कामा नये, त्याची खूण. रोज रात्री हा पेपर मॉडेलला द्यायचा, दुसऱ्या प्रोग्रामने तपासायचा आणि मिळालेले गुण प्रोमिथियसच्या वहीत एक आकडा म्हणून लिहायचे. गुण रेषेखाली गेले की अॅलर्ट. म्हणजे अर्थाची घंटा. ती वाजली तर त्याच काळ्या पडद्यावर, त्याच तीन शब्दांच्या हुकमाने दिसणार.

आयुष्यात इतके पेपर काढले, पण हा काढताना घाम फुटला. शुद्ध भाषेतले प्रश्न कामाचे नव्हते. 'सहरीला', 'सेहरीत', 'सहेरीच्या टायमाला', ही सगळी रूपे हवीत. 'शुगर डाऊन झाली', 'हात थरथरतात', 'घामाघूम झालो', 'डोकं गरगरतं', हे सगळे एकाच दुखण्याचे बोलणे आहे, ते ओळखता यायला हवे. घरातल्या प्रत्येकाकडून एकेक वाक्य घेतले. अम्मींनी तर जेवण बाजूला ठेवून पाच प्रश्न सांगितले आणि वर विचारले, "हे कुणाला पाठवणार आहात? तो माणूस मुसलमान आहे का?" माणूसच नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह जरा कमी झाला. एकादशीचा उपवास आणि नवरात्रीचा उपवास आम्ही मुद्दाम घातले, कारण त्यातही साबुदाणा चालतो, पाणी चालते, आणि रोज्यात पाणीही चालत नाही. मॉडेल हा फरक गडबडणार अशी आम्हाला शंका होती आणि ती खरी निघाली. शाळेतल्या मराठीच्या सहकारी बाईंनी उपवासाचे प्रश्न तपासून दिले. एकूण 40 प्रश्न झाले.

पहिल्या रात्री मॉडेलला 40 पैकी 23 गुण. आमच्या वर्गात असता तर पालकांना बोलावले असते.

असे पेपर काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रात चालू आहे, हे आम्हाला नंतर कळले. पुण्यात एल3क्यूब नावाने काम करणाऱ्या गटाने, त्यात कॉलेजचे विद्यार्थीही आहेत, मराठीसाठी महाबर्ट हे मॉडेल केले. 2022 मध्ये त्यांनी महाहेट नावाचा संच आणला. 25 हजारांहून जास्त मराठी ट्वीट गोळा करून त्यातली कोणती द्वेषाची, कोणती अपमान करणारी, कोणती शिवराळ आणि कोणती साधी, हे माणसांनी वाचून ठरवले. हे काम झाले म्हणून आता मराठीतला द्वेष ओळखणारी घंटा टांगता येते. त्याआधी इंग्रजीतली शिवी पकडणारा प्रोग्राम मराठीतल्या शिवीपुढून सरळ निघून जायचा. त्याच वर्षी केंद्र सरकारचा भाषिणी हा उपक्रमही सुरू झाला. त्यात भारतीय भाषांचे भाषांतर आणि आवाज यांवर काम चालते. हे सगळे इंजिनिअरांनी केले असे म्हणतात, पण त्यांच्या मागे भाषा जाणणारे कितीतरी लोक बसलेले आहेत.

आमच्या शाळेत दहावीच्या मुली विचारतात, उर्दू आणि मराठी घेऊन पुढे काय होणार? आतापर्यंत आम्ही डीएड-बीएडच सांगत आलो, कारण आम्ही तेच केले. आता भाचीला एका शनिवारी वर्गात नेले. तिने जुना लॅपटॉप उघडला, काळा पडदा दाखवला. मुलींना आधी वाटले लॅपटॉप बिघडला आहे. मग तिने हुकूम टाइप केला, रकाने उमटले. एकीने विचारले, "टीचर, हे सगळं इंग्रजीतच लिहायला लागतं का?" हुकमाचे शब्द इंग्रजी, दहावीस असतील, पहाड्यासारखे पाठ होतात. हे साधन फुकट मिळते, भारी मशीन लागत नाही. शिकायला वेळ लागतो तो दुसऱ्याच गोष्टीला, रेषा कुठे आखायची ते ठरवायला. 'रोज्यात' चा अर्थ माहीत नसलेला कितीही हुशार माणूस ती रेषा बरोबर जागी आखू शकत नाही. भाचीच्या ऑफिसात त्या रात्री दुसरे कुणी पाळीवर असते तर कदाचित ते उत्तर वाचून पुढे गेले असते, कारण मराठी म्हणून त्यात एकही चूक नव्हती.

एक गोष्ट आम्हाला पटत नाही, ती बोलून टाकतो. पेपर काढायला आम्हाला मजा आली, पण हे काम आम्ही फुकट केले. आमच्यासारखे कितीतरी लोक असे हौसेने करत असतील. इंग्रजीचा हिशेब पगारी माणसे बघतात आणि आपल्या भाषेचा खालाकडून करून घेतात, असे फार दिवस चालू नये. भाचीलाही हे आम्ही ऐकवले. तिने ते पुढे पोहोचवले आणि यंदा भाषा तपासायला दोन माणसे घेणार असल्याचे तिच्या वरिष्ठांनी सांगितले आहे. बघू.

रमजान संपता संपता मॉडेलचे गुण 40 पैकी 37 पर्यंत गेले. नंतर जूनमध्ये कंपनीने मॉडेलची नवी आवृत्ती आणली, ती जास्त हुशार असल्याचे सगळे सांगत होते. त्या रात्री पावणेतीनला भाचीचा फोन वाजला. आम्ही उठून गेलो तोवर तिने हुकूम टाइप केलेला होता. पडद्यावर एकच ओळ. नाव आमच्या पेपरचे, वेळ सव्वानऊ. आम्ही मनात साडेपाच मिळवले.

"किती?"

"एकतीस."

नव्या आवृत्तीला उपवास आणि रोजा पुन्हा एकच वाटू लागले होते. सकाळी कंपनीने जुनी आवृत्ती परत लावली. रमजान लांब होता, कुणाला काही कळले नाही.

आता पेपर 62 प्रश्नांचा झाला आहे. त्यातला 41वा अम्मींचा. त्या त्यांच्या बोलीत विचारतात तस्साच लिहिला आहे, एक अक्षर बदललेले नाही. त्याचे उत्तर अजून एकदाही बरोबर आलेले नाही, आणि अम्मी दर शुक्रवारी विचारतात, "झाला का पास?"